शिबिराआधी पुढची वाट आखा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: छोटं कॅन्सर क्लिनिक, एक तज्ज्ञ डॉक्टर, दोन नर्स, एक समाजसेविका. जनजागृती आणि तपासणीची दोन शिबिरं झाली, गर्दीही झाली. पण ज्यांना पुढच्या तपासणीची चिठ्ठी दिली, त्यांतले फारच थोडे क्लिनिकची पायरी चढले. आता वर्षाला किती शिबिरं घ्यावीत, पत्रकात काय छापावं आणि उपचार चालू असलेल्या रुग्णांना माहिती कशी द्यावी, असं तुम्ही विचारलंय.

कॅन्सरच्या रुग्णांबरोबर समाजसेविका म्हणून बरीच वर्षं काम केल्यावर माझं मत स्पष्ट आहे: तिसरं शिबिर सध्या घेऊच नका. शिबिरात संशयित निघालेली बाई घरी जाते तेव्हा तिच्या हातात एक चिठ्ठी असते आणि पोटात गोळा. पुढे कुठे जायचं, कुणाला भेटायचं, किती वेळ मोडेल, घरी काय सांगायचं, यातलं तिला काहीच ठाऊक नसतं. ती आली नाही यात नवल काय? अशा अर्धवट शिबिराने नुसता वेळ वाया जात नाही, नुकसानही होतं. भीती घातली आणि वाट दाखवली नाही, तर पुढच्या वेळी तीच बाई तपासणीला समोर यायची नाही, आणि शेजारणीलाही येऊ द्यायची नाही.

या बाबतीत एक उदाहरण माहीत असायला हवं. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या सार्वजनिक रुग्णालयात हॅरॉल्ड फ्रीमन नावाच्या सर्जननी पाहिलं की स्तनाच्या कॅन्सरच्या त्यांच्या रुग्ण फार उशिरा येतात, जवळपास निम्म्या तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात. पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचं प्रमाण १०० मध्ये ३९ होतं. त्यांनी दोन गोष्टी केल्या. तपासणी मोफत किंवा परवडेल अशी केली. आणि १९९० मध्ये, संशयित निघालेल्या प्रत्येक बाईमागे एक माणूस नेमला. त्या माणसाचं काम एकच: हिचं निदान पक्कं होऊन उपचार सुरू होईपर्यंत मधली प्रत्येक अडचण दूर करायची. १९९५ ते २००० या काळातल्या रुग्णांमध्ये पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण १०० मध्ये ७० वर गेलं. दोन्ही गोष्टी एकत्र केल्या होत्या, त्यामुळे सगळं श्रेय एकीला देता येत नाही. पण नुसत्या तपासणीने हे झालं नसतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तुमच्याकडे यासाठी वेगळं पद नसेल. समाजसेविकेचा अर्धा दिवस, एक वही आणि एक फोन पुरे. मात्र तो अर्धा दिवस खरोखर राखीव हवा; ओपीडीत गर्दी झाली की तिला केसपेपर काढायला बसवायचं नाही. वहीत प्रत्येक संशयित रुग्णाची एक ओळ: काय आढळलं, कोणती तपासणी सांगितली, तारीख काय दिली, आली का, रिपोर्ट कधी आला, तो कुणी समजावून सांगितला, उपचार कधी सुरू झाला. आणि शेवटचा रकाना, जो बहुतेक ठिकाणी नसतो: नाही आली तर का नाही. दर आठवड्याला डॉक्टरांसकट सगळ्यांनी बसून ही वही वाचायची. महिना-दोन महिन्यांत ‘का नाही’च्या रकान्यात तीच ती कारणं दिसू लागतात. रोजगार बुडतो. मुलांना कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न. सकाळच्या ओपीडीला पोचताच येत नाही. घरात निर्णय दुसराच कुणी घेतो. रिपोर्ट तयार होऊन पडलाय, पण तो न्यायला यायचं हे सांगितलेलंच नाही. यातली निम्मी कारणं क्लिनिकची वेळ बदलून किंवा दोन तपासण्या एकाच दिवशी उरकून सुटतात. त्यांचा जागृतीशी संबंध नसतो. ‘लोकांना गांभीर्यच नाही’ हे वाक्य मी जिथे जिथे ऐकलंय, तिथे हा रकाना कोरा असतो.

किती दिवसांत काय व्हायला हवं, याला जागतिक आरोग्य संघटनेचं स्तनाच्या कॅन्सरसाठीचं माप वापरा: पहिल्यांदा दाखवल्यापासून ६० दिवसांच्या आत निदान पूर्ण व्हावं, आणि उपचार सुरू केलेल्यांपैकी किमान ८० टक्के रुग्णांनी ते पूर्ण करावेत. इतर कॅन्सरसाठीही वहीच्या समासात ही दोन माप लिहून ठेवायला हरकत नाही.

फोनबद्दल एक सूचना, कारण इथे नकळत इजा होते. शिबिरातच विचारून घ्या: फोन कुणाच्या नंबरवर करायचा, दुसऱ्याने उचलला तर काय सांगायचं, निरोप ठेवायचा की नाही. तुमच्या क्लिनिकच्या नावात ‘कॅन्सर’ असेल तर ‘अमुक कॅन्सर क्लिनिकमधून बोलतोय’ एवढ्या वाक्यानेच तिची गोष्ट घरभर होते. आणि फोनवर निदान सांगायचं नाही. तारीख, वेळ, कुणाला भेटायचं, सोबत कुणाला आणता येईल, एवढंच बोलायचं.

आता तपासणी कशाची करायची. इथे हात आखडता घ्यायला शिका, कारण देणगीदार आणि पॅकेजं विकणाऱ्या प्रयोगशाळा तुम्हाला उलट दिशेला ओढणार. लक्षणं नसलेल्या माणसांना बोलावून तपासायचं, तर त्याने जीव वाचतो याचा पुरावा हवा. कमी साधनांत पुरावा आहे तो प्रामुख्याने तीन जागांचा. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये, त्याला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही या विषाणूची तपासणी उत्तम. ती शक्य नसेल तर व्हिनेगरमधलंच अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून डोळ्यांनी पाहण्याची पद्धतही उपयोगी ठरते. मुंबईत सुमारे दीड लाख महिलांवर झालेल्या चाचणीत ही तपासणी थोड्या आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी केली होती, डॉक्टरांनी नव्हे. तरी या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांचं तोंड नुसतं उजेडात नीट पाहिल्याने त्यांच्यातले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झाले, हे केरळमधल्या तिरुवनंतपुरमच्या चाचणीने २००५ मध्ये दाखवलं. तिसरी जागा स्तन. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, शक्य नसेल तर प्रशिक्षित हातांनी केलेली तपासणी. त्याचा फायदा पन्नाशीपुढच्या महिलांत जास्त स्पष्ट दिसतो.

याच्या पलीकडे सावध राहा. रक्तातले ‘कॅन्सर मार्कर’ निरोगी माणसात शोधत बसू नका. अंडाशयाच्या कॅन्सरसाठी ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त महिलांवर रक्ततपासणी आणि सोनोग्राफीचा प्रयोग झाला. २०२१ मध्ये निष्कर्ष आला: मृत्यू कमी झाले नाहीत. दक्षिण कोरियाची गोष्ट तर प्रत्येक शिबिर-आयोजकाला ऐकवावी अशी आहे. इतर तपासण्यांसोबत थायरॉइडची सोनोग्राफी जोडून दिल्याने २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं निदान १९९३ च्या १५ पट झालं, आणि मृत्यूंचं प्रमाण होतं तिथेच राहिलं. हजारो लोकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या, जन्मभराच्या गोळ्या मागे लागल्या. यंत्र फुकट मिळतंय म्हणून शिबिरात नेऊ नका.

पत्रकातली एक जुनी गोष्ट काढायला सांगणार आहे, आणि यावर वाद होतो. ‘दर महिन्याला आरशासमोर अशी स्वतःची तपासणी करा’ हे चित्र बहुतेक पत्रकांच्या पहिल्या पानावर असतं. शांघायमध्ये कापडगिरण्यांतल्या २,६६,००० हून अधिक कामगार महिलांवर याची पद्धतशीर चाचणी झाली होती. २००२ मध्ये निकाल आला: शिकवलेल्या गटात मृत्यू कमी झाले नाहीत, उलट साध्या गाठींच्या बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून केलेल्या तपासण्या, वाढल्या. म्हणून महिलांनी शरीराकडे लक्षच देऊ नये असं नाही. आपला स्तन एरवी कसा असतो हे ओळखीचं असावं, आणि वेगळं काही जाणवलं की चार महिने वाट न पाहता दाखवावं, एवढं सांगणं पुरे. चुकीच्या पद्धतीने तपासलं म्हणून गाठ सुटली, असा अपराधभाव मनात घेऊन बसलेल्या बायका मी पाहिल्यात. तो आपल्या पत्रकाने दिलेला असतो.

पत्रकात काय हवं ते सोपं आहे. कोणती खूण, किती दिवस टिकली तर यायचं, कुठे यायचं, आणि आल्यावर काय होईल. शेवटचा मुद्दा सगळे विसरतात, आणि लोकांना नेमकी तीच भीती असते. ‘डॉक्टर तोंडात बॅटरीने पाहतील, पाच मिनिटं लागतील, दुखणार नाही, डाग दिसला तर लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवतील’ असं साध्या शब्दांत छापा. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा आहे, तोंड पूर्वीसारखं उघडत नाही. पाळी गेल्यानंतर किंवा संबंधांनंतर रक्त जातं. स्तनात गाठ, त्वचेला खळी, बोंडातून रक्त. आणि ठळक अक्षरांत: सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच लोक गाठ अंगावर काढतात.

सडलेल्या जबड्यांचे फोटो लावू नका. माझ्या पाहण्यात त्याचा परिणाम उलटाच होतो. ज्याच्या तोंडात आधीच चट्टा आहे, तो तो फोटो पाहून तोंड मिटतो. त्याऐवजी उपचार होऊन बरी झालेली व्यक्ती दहा मिनिटं बोलली तर सभेतले प्रश्न बदलतात. ‘कॅन्सर म्हणजे संपलंच का?’ऐवजी ‘तुमचे केस परत कधी आले?’ असं विचारलं जातं. पण अशा वक्त्याला जपा. उपचार चालू असताना कुणाला उभं करू नका, उपकाराच्या ओझ्याखाली तर नकोच. फोटो आणि रेकॉर्डिंगची परवानगी वेगळी घ्या, आणि ऐनवेळी नको म्हणाली तर कारण विचारू नका.

एचपीव्हीबद्दल बोलताना शब्द फार तोलून वापरावे लागतात. हा विषाणू लैंगिक संबंधांतून पसरतो हे लपवायचं नाही, पण वाक्य तिथेच थांबवलं तर संसार मोडायची वेळ येते. पुढचं लगेच सांगा: संबंध आलेल्या बहुतेक सगळ्यांना तो आयुष्यात कधी ना कधी होतो, बहुतेकांच्या शरीरातून आपोआप जातो, आणि आज सापडलेला संसर्ग कित्येक वर्षांपूर्वीचा असू शकतो. त्यावरून कुणाच्याही वागण्याचा निष्कर्ष काढता येत नाही. रिपोर्टमध्ये विषाणू आढळणं म्हणजे कॅन्सर नव्हे. तो टिकून राहिला तरी कॅन्सर व्हायला सहसा १५ ते २० वर्षं लागतात, आणि एवढ्या काळात आधीचा बदल पकडून तो काढून टाकता येतो. लसीविषयी पालक एकच गोष्ट आडून विचारतात: मुलीला पुढे मूल होण्यात अडचण येईल का? तुम्ही सरळ उत्तर द्या, नाही. लस ९ ते १४ वर्षांच्या वयात, संबंध येण्यापूर्वी, सर्वांत उपयोगी, आणि एक डोसही चालतो असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितलंय. लस घेतलेल्या मुलीनेही मोठेपणी तपासणी करायचीच असते, हे विसरू नका.

‘बायोप्सी केली की कॅन्सर पसरतो’ हे वाक्य प्रत्येक सभेत येणारच. हसू नका, आणि ‘गैरसमज’ म्हणून फटकारूही नका. बोलणाऱ्याने डोळ्यांनी काहीतरी पाहिलेलं असतं: नात्यातल्या कुणाची बायोप्सी झाली आणि ते तीन महिन्यांत गेले. त्या माणसाबद्दल विचारा. बहुतेक वेळा कळतं की बायोप्सी झाली तेव्हाच आजार खूप पुढे गेला होता. मग सांगा की कोणता कॅन्सर आहे हे तुकडा पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय औषध ठरवता येत नाही. हे संभाषण दहा मिनिटं खातं, पण पुढच्या रांगेतले वीसजण कान देऊन ऐकत असतात.

आता रुग्णशिक्षण. डॉक्टरांनी सांगितलेल्यातलं ४० ते ८० टक्के रुग्ण तिथल्या तिथे विसरतात, असं या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा सांगतो, आणि जे लक्षात राहतं त्यातलंही निम्मं चुकीचं असतं. कॅन्सर हा शब्द कानावर पडल्यावर तर पुढचं काही आत जातच नाही. म्हणून निदानाच्या दिवशी शिकवायला बसू नका. पुढची तारीख, कुणाला फोन करायचा, आणि आजचा एक प्रश्न, बस्स. दोन-तीन दिवसांनी पुन्हा बोलवा, त्यांच्या विश्वासातल्या माणसाला सोबत घेऊन.

‘समजलं का?’ हा प्रश्न तर बंदच करून टाका. त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं. त्याऐवजी असं म्हणा: ‘मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर ताप आला तर तुम्ही काय कराल, ते सांगा बघू.’ चुकलं तर पुन्हा, वेगळ्या शब्दांत. परीक्षा तुमची चाललीय, रुग्णाची नाही, हे सुरात दिसलं पाहिजे.

तापाचं उदाहरण मुद्दाम घेतलं, कारण केमोथेरपी घेणाऱ्याला एकच गोष्ट शिकवायची झाली तर मी हीच निवडीन. अनेक औषधांनंतर साधारण ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या काळात १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअसच्या वर ताप गेला तर सकाळची वाट पाहायची नाही. आधी तापाची गोळी घेऊन ताप झाकायचाही नाही. आधी मोजायचा आणि फोन करायचा. त्यासाठी घरात थर्मामीटर हवा आणि तो वाचता यायला हवा. क्लिनिकमध्येच एकदा वाचून घ्या. आणि तुम्ही छापलेल्या आपत्कालीन नंबरवर कधीतरी स्वतः रात्री दोनला फोन करून पाहा. कुणी उचलला नाही तर तुमचं सगळं शिक्षण त्या कागदावरच राहिलं.

माहितीचे कागद एका विषयाला एक पान, मोठ्या अक्षरात. छापण्यापूर्वी क्लिनिकबाहेरच्या चार-पाच जणांना मोठ्याने वाचायला द्या. जिथे अडखळतील तिथे वाक्य बदला. धोका सांगताना ‘अमुक टक्के’पेक्षा ‘तुमच्यासारख्या १०० जणांपैकी इतक्यांना’ असं सांगा.

सगळ्यात अवघड प्रसंग पत्रकात मावत नाही. मुलगा डॉक्टरांच्या खोलीबाहेर गाठतो: ‘बाबांना काही सांगू नका, ते खचतील.’ त्याला नियम ऐकवू नका. आधी विचारा, सांगितलं तर काय होईल असं वाटतं? मग त्याच्यासमोरच वडिलांना विचारा: ‘काका, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला स्वतःला किती जाणून घ्यायचंय? की मुलाशी बोलू?’ काही जण खरंच म्हणतात, त्याच्याशीच बोला. तो त्यांचा निर्णय, त्याचा मान ठेवायचा. पण पुष्कळ वेळा बाबांना सगळं माहीत असतं, आणि मुलगा खचेल म्हणून ते गप्प असतात.

पर्यायी औषधांबद्दलही असंच. ओरडलात तर घेणं थांबत नाही, सांगणं थांबतं. काय घेताय ते विचारा, लिहून घ्या, डॉक्टरांना दाखवा. काही औषधांचा केमोशी खरोखर विरोध असतो. तंबाखू सोडायला निदानानंतरही उशीर झालेला नसतो, हे प्रत्येक भेटीत सांगा. सोडल्यावर जखमा लवकर भरतात आणि उपचारही जास्त चांगले लागू पडतात. सुपारीत तंबाखू नसली तरी ती कॅन्सरला कारण ठरते, हेही त्याच दमात. मॉर्फिनविषयी वेदना वाढण्यापूर्वीच बोला. शेवट आला म्हणून ते देत नाहीत, वेदना आहे म्हणून देतात. आणि त्यासोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून लागतं.

राहिला तुमचा पहिला प्रश्न, वर्षाला शिबिरं किती. हे गणित मागून पुढे करा. तुमच्या समाजसेविकेला एका महिन्यात किती संशयित रुग्णांचा उपचारापर्यंत पाठपुरावा जमेल, हे वहीवरून दोन-तीन महिन्यांत कळेल. समजा वीस जमतात, आणि तुमच्या शिबिरात तपासलेल्या १०० जणांपैकी दहा संशयित निघतात. तर महिन्याला दोनशेहून जास्त लोक तपासायचेच नाहीत, कितीही मंडळं शिबिर मागत असली तरी. अहवालातही ‘उपस्थिती’ची ओळ खाली न्या. वर चार आकडे ठेवा: संशयित किती, निदान पूर्ण किती, उपचार सुरू किती, उपचार पूर्ण किती. देणगीदारांना गर्दीचे फोटो हवेच असतील तर द्या, पण हे चार आकडे त्याच पानावर छापा.